तीन बगळ्यांचा धडा

गरिमा मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि मी चोरी केली. टेबलावर वाचनाची तीन कार्डं पडली होती. मोबाइल काढला, तिन्हींचे फोटो घेतले आणि परत भिंतीजवळच्या खुर्चीवर येऊन बसले. माझी लेक समोरच बसली होती. तिने सगळं पाहिलं. दहा वर्षांची पोर, नुसती नखं खात राहिली.

आमच्या शहराच्या थाटीपूर भागातल्या त्या तपासणी सेंटरवर आम्ही काही हौसेने गेलो नव्हतो. प्रांजली पाचवीत आहे. शाळेने डिसेंबरात पत्र दिलं की मुलीला वाचता-लिहिता येत नाही, तज्ज्ञांकडून तपासणी करून अहवाल आणा. अडचण निघाली तर परीक्षेत जास्तीचा वेळ मिळेल, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळेल. नाही निघाली तर बाकीच्या मुलांसारखा पेपर. त्यावर वर्गशिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं की बाकीच्यांसारखा पेपर म्हणजे ही नापास, मग वर्षभर पुन्हा पाचवी, नाहीतर दाखला घेऊन जा.

पहिल्या दिवशी तपासणी करणाऱ्या गरिमा मॅडमनी तिच्याकडून ठोकळे लावून घेतले, आकडे उलटे म्हणवून घेतले, चित्रं ओळखायला लावली. पोरगी माझा पदर सोडेना म्हणून मला आत बसू दिलं, मात्र तोंड बंद ठेवायच्या अटीवर. वाचनाची कार्डं काढली आणि प्रांजलीने पोट धरलं. वाचन राहिलं पुढच्या गुरुवारवर. मधे सहा दिवस होते, आणि माझ्या मोबाइलमधे तीन फोटो.

मला अहवाल हवा होता, पण कोरा. काही नाही, मुलगी ठीक आहे, असं लिहिलेला. आता कोणी म्हणेल, बाई, तुझं डोकं ठिकाणावर होतं का? नव्हतं. भीतीने ते कुठे ठेवलं होतं मलाच माहीत नाही. सासरे, महिपतराव, रोज एकच वाक्य म्हणत: झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा कागद झाला की तो जन्मभर मागे फिरतो, उद्या स्थळं बघताना कोणी पुढे केला म्हणजे? आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इथे उत्तरेत आले, त्या गोष्टीला दोनशे वर्षं झाली. तलवारी गेल्या, सासरे सिंचन खात्यातून रिटायर झाले, पण घरात साहेबी अजून आहे. ते आबासाहेब, माझा नवरा अंबरीश भिंडच्या बँकेत असतो आणि शनिवारी येतो, तोही दादासाहेब, चिमुरडी प्रांजली ताईसाहेब.

फक्त एका माणसाच्या नावापुढे साहेब लागत नाही. आबासाहेबांचे धाकटे भाऊ बळवंत. ते नुसते बाळूकाका. तिसरीत शाळा सुटली, लग्न झालं नाही, पन्नास वर्षं पाटणकर बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात ठाणांच्या घड्या घालतात. जेवायला दाराजवळच्या पाटावर बसतात, तिथे बसा असं त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. पाहुणे आले की आबासाहेब हळूच म्हणतात, जरा कमी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच सांगितलं आणि मी ते मानलं. माझी भीती हीच होती. कधीतरी माझ्या लेकीविषयी कोणी पाहुण्यांना हळूच सांगेल, जरा कमी आहे.

तर मी तिच्याकडून कार्डं पाठ करून घ्यायला बसले. आमच्या घराला पाठांतराखेरीज दुसरं औषध ठाऊक नाही. गणपतीत प्रांजली हातात पुस्तिका धरून अशी खणखणीत आरती म्हणते की सगळी गल्ली कौतुक करते. पाचवीपर्यंत आम्हाला पत्ता लागला नाही तो त्याचमुळे. पुस्तक हातात आहे, तोंडातून शब्द येताहेत, म्हणजे वाचते आहे, इतका सोपा हिशोब आम्ही केला होता.

दोन कार्डं छोटी होती, ती एका दिवसात झाली. तिसरं मोठं. हिंदीतली गोष्ट, तळ्याच्या काठी राहणाऱ्या तीन बगळ्यांची. मी म्हणायचं, तिने मागून म्हणायचं. तिसऱ्या दिवशी ती न अडखळता सगळं म्हणू लागली आणि मला इतका आनंद झाला की मी तिला शिरा करून घातला. तिने दोन घास खाल्ले. अंघोळ करताना बगळे, वेणी घालताना बगळे, ओठ सारखे हलत असायचे. चौथ्या दिवशी तिने अंथरूण ओलं केलं. चार वर्षांची झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. चादर धुतली, पण पाठांतर थांबवलं नाही, हेही सांगून टाकते.

पाचव्या दिवशी तिने विचारलं, "आई, मॅडमने बीच में रोक दिया तर? मला शुरू से म्हणावं लागतं."

नाही थांबवणार, असं मी म्हटलं. मला काय माहीत थांबवतात का नाही.

त्याच संध्याकाळी बाळूकाका दुकानातून गजकचा, तीळगुळाच्या वड्यांचा, पुडा घेऊन आले. प्रांजली ओट्याशी उभी राहून मला कार्ड म्हणून दाखवत होती, मोबाइल हातात, नजर खिडकीकडे. काका दारातच थांबले. ती गजक घेऊन गेली तरी ते हलेनात. हा माणूस माझ्याशी वर्षाकाठी दहा वाक्यं बोलत असेल.

"सूनबाई, मीपण असंच वाचत होतो," ते म्हणाले. "दादा, तुमचे आबासाहेब, रात्री धडा मोठ्याने वाचायचा, मी ऐकून याद करायचो. दोन साल चाललं. मग एक दिवस हवेने पान पलटलं आणि मी मागचाच धडा म्हणत राहिलो. मास्तरांनी सगळ्या क्लासला बोलावून दाखवलं."

खूप मारलं का, असं काहीतरी मी विचारलं.

"मारलं. ते काही नाही. पकडला गेलो त्या दिवशी उलट झोप लागली. त्याच्या पहिले दोन साल रोज वाटायचं, आज हवा येईल."

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. मी गॅस बंद करून तिथेच खाली बसले. मी माझ्या मुलीला वाचवत नव्हते, तिला तीच दोन वर्षं देत होते. दोन कशाला, दहावीपर्यंत सहा. कोरा कागद मिळाला की ही वाचू शकते असं शाळा धरून चालणार, आणि वाचत नाही म्हणजे हट्टी, कामचुकार. मदत बंद, मार चालू.

आता वाटेल की दुसऱ्या दिवशी मी खरं सांगायला धावत गेले. कसली जाते. गुरुवारी सकाळी आबासाहेबांनी प्रांजलीच्या कपाळाला अंगारा लावला आणि मला म्हणाले, कागद कोरा आणा सूनबाई. मी हो म्हटलं. टेम्पोत बसल्यावरही मी मनात म्हणत होते, बघू. भित्रं माणूस ऐन वेळेपर्यंत बघूच म्हणतं.

गरिमा मॅडमनी पहिलं कार्ड दिलं, दुसरं दिलं. प्रांजलीने घडाघडा म्हटलं. मॅडमच्या भुवया वर गेल्या, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग तिसरं कार्ड ठेवून घड्याळाचं बटण दाबलं.

प्रांजलीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. आवाज अगदी आरतीसारखा, कुठे खोट नाही. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मी बोटाकडे. तोंड पाचव्या ओळीवर पोहोचलं, बगळे उडाले, आणि बोट अजून तिसऱ्या ओळीवर सरकत होतं. वर पंखा बंद, खिडकी बंद, तरी कार्डाच्या कडेला तिने डाव्या हाताचा अंगठा घट्ट दाबून धरला होता. ते उडेल असं तिला वाटत होतं की काय देव जाणे. तिने काकांची गोष्ट ऐकलेलीसुद्धा नव्हती.

ती मधेच माझ्याकडे बघू लागली. शब्द येतच होते, पण डोळे असे होते की ती पाण्यात आहे आणि मी काठावर उभी आहे.

"मॅडम, रुकिए," मी म्हटलं. "इसे पढ़ना नहीं आता। मैंने रटवाया है। उस दिन आपके कार्ड की फोटो ले ली थी।"

प्रांजलीचं तोंड उघडंच राहिलं. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतील, शाळेला कळवतील, सगळं संपलं. त्यांनी मोबाइल मागितला, फोटो पुसून टाकायला लावले. असं पुन्हा केलं तर माझ्याकडे येऊ नका, असंही ठणकावून सांगितलं. मग कपाटातून दुसरं कार्ड काढलं, चार ओळींचं, कधी न पाहिलेलं, आणि प्रांजलीसमोर ठेवलं.

प्रांजलीने बोट ठेवलं. पहिला शब्द कितीतरी वेळाने आला, दुसरा चुकला, तिसऱ्याला ती रडायला लागली. मला वाटत होतं, उठावं आणि तिला घेऊन पळावं. मॅडमनी घड्याळ उलटं करून ठेवलं आणि म्हणाल्या, "आराम से, बेटा। जितना आए, उतना।"

आलं तितकं तिने वाचलं. अर्ध्या तासात दोन ओळी. संपल्यावर डोळे पुसत तिने मला विचारलं, "आता बगळे नाही ना म्हणायचे?" नाही, मी म्हटलं, कधीच नाही. टेम्पोत ती माझ्या मांडीवर जी झोपली ती बाड्याच्या चौकात उतरताना उचलूनच घ्यावी लागली.

अहवाल आठवड्याने मिळाला. बुद्धी चांगली, स्मरणशक्ती वयापेक्षा खूप जास्त, वाचन दुसरीच्या पातळीचं. खाली नाव लिहिलं होतं, डिस्लेक्सिया. परीक्षेत जास्तीचा वेळ, वाचून दाखवणारं माणूस, आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिका. शाळा हे सगळं मानेल का, ही धाकधूक आहेच. सोमवारी मी कागद घेऊन जाणार आहे.

घरी तो कागद जेवणाच्या वेळी मी आबासाहेबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. चेहरा दगड. मग म्हणाले, मूठ उघडलीत तुम्ही. मी म्हटलं, हो. त्यांनी मोठ्याने विचारलं, हे अडचणीचं नाव म्हणजे शेवटी कमीच ना?

मी सांगितलं की नाही, कमी नाही. बुद्धी चांगली असते, फक्त अक्षरं हाताला लागत नाहीत, वेगळ्या रीतीने शिकवावी लागतात. असं पहिल्या पानावरच लिहिलं आहे.

दाराजवळच्या पाटावर बाळूकाकांचा हात ताटातच थांबला होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस. त्यांनी आबासाहेबांकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "दादा, त्यात माझं नाव पण लिहून मिळेल का?"

आबासाहेबांनी कागद पुन्हा उचलला आणि पहिल्या ओळीपासून, सावकाश, भावाला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर ते अडले आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. प्रांजलीने भीत भीत आपला पाट उचलला आणि दाराजवळ, काकांच्या शेजारी नेऊन ठेवला.