सोडून दिल्याचे मानण्यात येते

वीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगत आलोय: सबमिशन शेवटच्या दिवसावर ढकलू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी विरूपाक्ष, राहायला विष्णुपुरीला, नांदेडच्या एका कॉलेजात पंप आणि पाइप शिकवतो. ही गोष्ट माझ्या कोरडेपणाची आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या वर्षी आम्ही पोरांना घेऊन जळकोटकडच्या गावांत टंचाईची पाहणी करत होतो. एका गावात टँकरचं पाणी सिमेंटच्या टाकीत पडायचं. शेजारच्या आळ्यांनी टाकीला पाइप लावून मोटर चालवली, की शेवटच्या वस्तीला गाळ उरायचा. त्या शेवटच्या वस्तीत लिंबाजी सोनकांबळे राहत. हातपंप दुरुस्त करणारे फिटर, सातवी शिकलेले. त्यांनी टाकीला स्वतःची एक तोटी बसवली होती. आत छोटा डबा, डब्यात तरंगणारा गोळा. एक घागर भरली की तोटी आपोआप बंद. डबा पुन्हा भरेपर्यंत कोणाच्या बापाला उघडायची नाही. पाइप लावून ओढायची सोयच संपली, आणि रांगेतल्या शेवटच्या बाईलाही घागर मिळू लागली. गाव तिला हिस्सेवाली तोटी म्हणायचं. त्यात विजेचं काहीच नव्हतं. माझी पदवी त्या दिवशी मला जरा तोकडी वाटली.

"मामा, याचं पेटंट घेऊ," मी म्हणालो.

"ते काय ऱ्हातंय?"

"ही तोटी तुम्ही शोधली असं सरकार लिहून देतं. मुंबईचा साहेब आधी तपासतो."

"तपासतो?" लिंबाजीमामा थांबले. "मग घ्या. मला पैसा नगं. गावातले म्हन्तेत, ह्यानं डब्यात कायतरी जादू केलीय, आमचं पानी मारतोय. बराबर हाय म्हनून एका शिकल्यासवरल्या मानसानं लिवून द्यावं, बास."

दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या नावानं अर्ज भरला. त्यांना इमेल नव्हता, म्हणून पत्ता माझा दिला. पेटंट ऑफिसचा सगळा कारभार इमेलवर चालतो, तेव्हा तिथून येणारा प्रत्येक शब्द आधी माझ्या हातात पडणार होता. हे तेव्हा मोठेपणाचं वाटलं.

तपासणीचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. अधिकाऱ्यानं विचारलं होतं, अशी एक जुनी झडप आहे, तुमची वेगळी कशी? प्रश्न सोपा होता. गोळ्याची दोन मापं आणि एक आकृती दिली की काम झालं असतं. उत्तराला सहा महिने होते. सहा महिने म्हणजे लई झाले, असं म्हणून मी आकृत्यांची फाइल कॉलेजच्या कपाटात ठेवली. मार्चमध्ये कुलूप पडलं, कॉलेजला आणि देशालाही. मे महिन्यात मुदतीची तारीख आली तेव्हा मी घरी ऑनलाइन तास घेत होतो आणि फाइल कपाटात होती.

तारीख गेली, विषय संपला, असं मी धरून चाललो. मुंबईला एक फोन करता आला असता. पण चोराच्या मनात चांदणं. ते विचारतील, मार्चच्या आधी चार महिने काय करत होतात? म्हणून फोन केला नाही. पेटंटच्या साइटवरही गेलो नाही, पासवर्ड विसरलोय असं स्वतःलाच सांगत राहिलो. सरकारी पत्रं आली असतील, मी उघडली नाहीत.

लिंबाजीमामांचा मात्र दर महिन्याला फोन. "सर, आलं का कायी?" आधी मी म्हणालो, ऑफिस बंद आहे. मग म्हणालो, साहेब आजारी आहेत. शेवटी, डिसेंबरात, माझ्याच खोटं बोलण्याचा मला कंटाळा आला आणि मी एक पक्कं खोटं बोललो.

"नामंजूर झालं, मामा. काहीतरी खोट काढली त्यांनी."

मामा म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

२०२२ च्या जुलैत आमच्याकडे पेटंटची कार्यशाळा होती. कॉलेजांसाठी फी एक पंचमांश केल्यामुळे सगळ्यांना एकदम शोध लागायला लागले होते. वक्त्यानं मधेच सहज सांगितलं, "साथीच्या काळात मार्च दोन हजार वीसपासून फेब्रुवारी दोन हजार बावीसपर्यंतचे दिवस मुदतीत धरलेच नाहीत. या काळात ज्यांची तारीख गेली, त्यांना पुढे आणखी नव्वद दिवस दिले. मेअखेरपर्यंत."

दोन वर्षं दार उघडं होतं. दंड नाही, जास्तीची फी नाही, कारण विचारणं नाही. सरकारनं मला माफ केलं होतं आणि मी तोंड लपवून बसलो होतो. दार बंद होऊन दीड महिना झाला होता. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. मी तर झोपा तयार असताना बैल बाहेर ठेवला.

त्या रविवारी बसनं मामांच्या गावी गेलो. आधी टाकी लागली. टाकीला दुकानातली साधी तोटी होती आणि तिला एक हिरवा पाइप जोडलेला होता.

"जय भीम सर, या की," लिंबाजीमामा म्हणाले. चांगुणाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, चहा ठेवला. मी मोबाइलवर त्यांचा अर्ज उघडला आणि इंग्रजी ओळ मराठीत वाचून दाखवली. अर्जदाराने अर्ज सोडून दिल्याचे मानण्यात येते.

"अर्जदार म्हंजे?"

"तुम्ही."

"म्या कवा सोडलं?"

मग मी सगळं सांगितलं. कपाट, कुलूप, तारीख, वाढलेली मुदत, माझा फोन. एकही गोष्ट सावरली नाही. नामंजूर कुणी केलंच नव्हतं, हेही सांगितलं.

ते ऐकून घेत होते. मग पेटंटचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे खोट नव्हती?"

"नव्हती."

"तुमाला मालूम होतं?"

"होतं, मामा. पहिल्यापासून."

ते उठले, बाजेखालून पोत्यात गुंडाळलेली तोटी काढली. डब्यातला चामड्याचा वायसर सुकून चिरला होता. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला तर तुकडे झाले.

"तारखा थांबवता येतेत म्हना सरकारला," ते म्हणाले. "वायसर थांबतंय व्हय?"

"आमचं काय थांबलं?" चांगुणाबाई चुलीजवळून म्हणाल्या. "ही काढल्यापून दोन उन्हाळे खालच्या हिरीतून पानी वाहून राहिले म्या. गुडघे पाहा."

मी गुडघ्यांकडे पाहू शकलो नाही. मामांना शिव्या द्यायला सांगाव्यात असं वाटत होतं. पण ते हसत होते. खरोखर खूश होऊन हसत होते, आणि तेच मला सोसत नव्हतं.

"ऐकलीस का गं, खोट नव्हती म्हनं," ते बायकोला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. हसू हळूहळू उतरलं.

"येवढंच फोनवर सांगायचं व्हतं, सर. म्या काढली नसती."