आवडाची घागर

शुक्रवारपर्यंत जातीचा दाखला मिळाला नसता तर माझ्या नातीची, सईची, कॉलेजातली जागा गेली असती. अडलं होतं गावाच्या नावावर. तिच्या आजोबांच्या शाळेच्या कागदावर गाव 'खामदरें'. आता एसटीच्या पाटीपासून सातबाऱ्यापर्यंत 'खांबदरा'. संभाजीनगरच्या कचेरीतला बाबू म्हणला, "खामदरें नावाचं गावच यादीत नाय."

"मग मी तीस वर्षं भाकऱ्या कुठं थापल्या?" मी विचारलं. त्यानं कागद परत सरकवले.

खांबदऱ्याचा तलाठी फोनवर बरा बोलला. "पंचनामा करून देतो, आजी. पण दोन्ही नावं एकाच गावाची, असं जुनं काही लिहिलेलं दाखवा. नुसत्या जबाबावर भागत नाय."

जुनं लिहिलेलं होतं. आम्हा दोघी जावांचं लग्न एकाच मांडवात लागलं. चुलतसासरे कडुबा यांनी दोघींना पितळेची एकेक घागर दिली, दुकानात नावं कोरून. कोरणारे दोघं होते. माझ्या घागरीवर आलं, 'कडुबा लक्ष्मण, मु. खांबदरा, १९७८'. धाकट्या जावेच्या, आवडाबाईच्या, घागरीवर, 'मु. खामदरें'. मी दुसरी शिकलेली, एसटीची पाटी वाचता यायची. माझं पाटीसारखं, म्हणून बरोबर. पाणवठ्यावर, हळदीकुंकवाला, पाव्हण्यांपुढं मी ऐकवत आले, "आमच्या आवडाला घागरबी अडाणी मिळाली."

आता तीच मागायची होती. आवडा इथं बजाजनगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहते.

"आजी, मी जाते," सई म्हणली.

"तिला घालूनपाडून बोलले मी. तू कशाला जातीस?"

आवडानं चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं. "आक्का, तुमची शिकलेली घागर असताना माझी अडाणी कशाला लागली?"

"दोन्ही लागतात."

"माळ्यावर पडलीय, काळी ठिक्कर. न्या. पण इथंच घासून न्या, तुमच्या हातानं."

मोरीत बसून चिंच लावली. गुडघे दुखले तरी घासत राहिले. अर्ध्या तासानं अक्षरं वर आली. देणारा तोच, साल तेच.

"खालच्या अंगाला राहिलंय," आवडा दारातून म्हणली. तेबी घासलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सई घागरी घेऊन गावाला गेलो. आवडाला बस लागते, ती आली नाय. तलाठ्यानं फोटो काढले, माझा आणि दोन म्हाताऱ्यांचा जबाब घेतला, पंचनामा लिहिला. बाबूनं तो फाईलला लावला. शुक्रवारी दुपारी सईच्या हातात दाखला पडला.

संध्याकाळी घागर परत द्यायला गेले.

"कागदावर आधी कुणाची लिहिली?" आवडानं विचारलं.

"तुझी."

"तलाठ्यानं आपणहून?"

"मी सांगितलं त्याला. जुनं नाव आधी."

तिनं घागर माळ्यावर नाय टाकली. पाण्याच्या माठाशेजारी ठेवली, अक्षरं दाराकडं करून.

"चिंच लावत जा वरचेवर," मी म्हणलं आणि चपला घातल्या.