धुरपताचा जबाब

धानाची रोपं रोवण्याचे दिवस होते. देवाजी जमादार दौऱ्यावरून ठाण्यात परतले, तेव्हा भिंतीला टेकून दहा वर्षांची एक पोर उभी होती. एकोडीची धुरपता. ती सुलोचनाबाईंच्या गोठ्यात शेण काढायला जायची, आणि त्यांच्या घरातले चांदीचे तोडे गेले होते.

"कबूल झाली साहेब," नवा शिपाई इश्वर म्हणाला. "पन हट्टी आहे. आधी म्हने विहिरीत टाकले, मग गुरायच्या तनसाच्या ढिगात. दोन्हीकडं पाहून आलो, काईच नाई. आता म्हनते तळ्यात."

देवाजींना त्यात हट्ट दिसला नाही. "हिची माय कुठं आहे?"

"बोलावली नाई."

"बोलाव."

तासाभरानं रुखमा आली, पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेली. देवाजींनी टोपी आणि पट्टा काढून टेबलावर ठेवला, मायलेकींना ओसरीवर बसवून पाणी दिलं आणि स्वतःही खालीच बसले.

"धुरपता, तुमच्या शाळेची घंटा चोरीले गेली म्हनतात. ते बी तूच नेली का?"

"हो जी," पोर हळूच म्हणाली.

"कुठं ठेवली?"

"तळ्यात."

रुखमा लेकीकडे पाहतच राहिली.

"घंटा जाग्यावरच आहे, बेटा," देवाजी म्हणाले. "मी खोटं बोललो, मले माफ कर. पन तू काहून हो म्हनलं?"

"हो म्हनलं का घरी जाऊ देतो, असं म्हनलं होतं त्यायनं." तिनं दाराकडे पाहिलं. तिथं इश्वर उभा होता.

"मी हात नाई लावला साहेब."

"लावाची गरजच नोती," देवाजी म्हणाले.

इश्वरनं आधी लिहिलेल्या जबाबाचा कागद त्यांनी फाडला नाही. त्याच्याखाली घंटेची हकीकत इश्वरच्याच हातानं लिहून घेतली. मग मायलेकींना घरी जाऊ दिलं.

संध्याकाळी ते साध्या सदऱ्यात सायकलनं एकोडीला गेले. सुलोचनाबाईंच्या अंगणात चार माणसं बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, "पोरीवर आमचा काई संशय नाई."

"मग माहे तोडे?"

"शोधतो. पन आता मोठ्या मानसांले विचारीन."

तोडे काही सापडले नाहीत. धुरपता त्या गोठ्यात पुन्हा गेली नाही. रुखमा तिला आपल्यासोबत धानाच्या बांधीत रोवायला नेऊ लागली. आठवडी बाजारात खाकी कपडे दिसले की ती मायच्या मागे सरायची. देवाजींच्या ते लक्षात आलं होतं. ते तिला हाक मारत नसत; दुकानांच्या दुसऱ्या ओळीनं पुढे निघून जात.