गोपनीय फॉर्म, सोबत आधारची झेरॉक्स

प्रश्न ४. कंपनीच्या कॅफेटेरियातील पदार्थांच्या विविधतेबाबत आपण किती समाधानी आहात?

हा प्रश्न बेंबळी रोडवरच्या एका दालमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायकांना विचारला गेला. त्यात शिवांजलीचा दोष एवढाच, की तो तिनं स्वतः वाचला नव्हता. धाराशिवला कॉलेजात ती एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. प्रश्नावली तिनं एका सिनियरच्या प्रोजेक्टमधून उचलली होती, सिनियरनं पुण्यातल्या कुणाच्या तरी प्रोजेक्टमधून, आणि मराठी मोबाइलनं करून दिलं होतं. पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढं पाच चौकोन, ‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंत. चाळीस फॉर्म भरून घ्यायचे, मालकाचा सही-शिक्का असलेलं प्रमाणपत्र आणायचं आणि सोमवारी तोंडी परीक्षेला बसायचं. प्रमाणपत्र नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर जळकोटला घरचे स्थळं घेऊन तयारच होते.

मालक वीरप्पाअण्णांनी लगेच होकार दिला होता.

“विचारा की ताई. माझी माणसं लई सुखात हायत. सुखात न्हाय म्हणणारं कोण हाय, मलाबी बघायचंच हाय.”

शेवटचं वाक्य शिवांजलीला अगत्याचं वाटलं.

प्रश्न शून्य. हा फॉर्मवर नव्हता, कोंडाबाईनं विचारला. कोंडाबाई म्हणजे निवडणाऱ्या चाळीस बायकांतली सगळ्यांत जुनी.

“कोणत्या योजनेचा हाय ह्यो?”

“योजनेचा नाही मावशी. माझ्या अभ्यासाचा आहे.”

“आधार जोडायचं का रेशनकार्ड?”

“काहीच नको! नावसुद्धा नको. हे गोपनीय असतं. कुणी काय लिहिलं ते कुणालाच कळणार नाही.”

कोंडाबाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. “बघ. गपचूप हाय म्हंजी मोठी योजना असंल. बोभाटा झाला की गर्दी हुती म्हणून सांगंनात.”

शिवांजलीनं आणखी दोनदा समजावलं. जितकं समजावलं तितकी बायकांची खात्री पटत गेली. घरी न्या, निवांत भरा, उद्या द्या, असं सांगून ती एसटीनं परत गेली.

निकाल.

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस फॉर्म आले. पुस्तकात लिहिलंय, की तीस टक्के परत आले तरी नशीब समजावं. प्रत्येक फॉर्मला आधारची झेरॉक्स टाचलेली, कोपऱ्यात फोटो चिकटवलेला, काहींना बँकेचं पासबुक. एकीनं तर तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडला होता.

आणि योजनेचा फॉर्म म्हटल्यावर सुखात आहोत असं कोण लिहील? अनुभव असा, की जरा बरं चाललंय म्हटलं की नाव कटतं. घरोघरच्या शिकत्या पोरींनी सुवाच्य अक्षरात आयांचं दुःख भरून काढलं होतं. कॅफेटेरियाबाबत अत्यंत असमाधानी. परदेशी प्रशिक्षणाच्या संधीबाबत अत्यंत असमाधानी. पुढं शेरा, ‘एकदाही पाठवले नाही.’ शिवांजलीला हसू आवरेना.

प्रश्न १७ येईपर्यंत. स्वच्छतागृहांच्या दर्जाबाबत.

‘स्वच्छतागृह नाही. बाभळीमागं जावं लागतं. रोडवरून ट्रकवाल्यांना दिसतं.’

अक्षर प्रत्येकीच्या लेकीचं वेगळं, वाक्य एकच. तिनं मिलच्या मागं जाऊन पाहिलं. बाभळी होत्या चार. रोड दिसत होता.

या एका प्रश्नाला कुणी काही वाढवून लिहिलं नव्हतं.

“झालं का ताई?” अण्णांनी ऑफिसात बोलावलं. तिनंच टाईप करून आणलेलं प्रमाणपत्र त्यांच्या पुढ्यात होतं, शेजारी शिक्का आणि पॅड. “आणा बघू फॉर्म.”

“अण्णा, ते गोपनीय असतात.”

“असू द्या की. मग हे प्रमाणपत्रबी गोपनीयच ऱ्हाऊ द्या माझ्या कपाटात.” अण्णा हसले, पण हात कागदावर ठेवूनच. “चहा सांगितलाय. चहा येऊस्तोर घेऊन या.”

गोदामात येऊन तिनं गाईडसरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, “गोपनीयता पाच मार्कांना आहे, प्रमाणपत्र पन्नासला. एमबीए करतेस ना? मग ठरव.”

तिनं ठरवलं. म्हणजे दोन्ही साधायचं ठरवलं. डाळीच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्पीमागं बसून ती टाचण्या उपसू लागली. आधार वेगळं, फॉर्म वेगळा, फोटो नखानं खरवडून काढायचा. बिननावाचे फॉर्म अण्णांना दिले, तर कुणाचं काय बिघडणार? अकरा फॉर्म झाले.

“काय करलालीस गं तू?”

कोंडाबाई उभी होती. हातात सूप.

“मावशी, तुमच्यासाठीच...”

“आधार काढलाली! ए, या गं समद्या! नावं कट करलाली ही!”

पुढचं फार भराभर झालं. अकरा बायकांनी आपापले चेहरे ओळखून उचलले. एकीनं खरवडलेला फोटो थुंकी लावून परत चिकटवला. शिवांजली सांगत होती, की अण्णांना नावं कळू नयेत म्हणून काढतेय, त्यावर कोंडाबाई म्हणाली, “कळू नये? येडी का खुळी? मालकाच्या सहीबिगर कुठला फॉर्म चालतुय?”

आणि चाळीस बायका फॉर्म घेऊन स्वतःच ऑफिसात शिरल्या.

अण्णांचा चहा नुकताच आला होता. पहिला फॉर्म त्यांनी वाचला. दुसरा वाचला. सातव्यापर्यंत प्रत्येकाचा सतरावा प्रश्नच काढून पाहिला. एखादीनंच असं लिहिलं असतं, तर उद्यापासून तिला येऊ नको म्हणता आलं असतं. चाळीसजणी फोटोसकट समोर उभ्या होत्या, आणि बाहेर नव्या तुरीचे तीन ट्रक रिकामे व्हायचे होते.

“ताई,” अण्णांचा आवाज खाली आला, “ह्ये फॉर्म नक्की जातेत कुठं?”

चाळीस माना तिच्याकडं वळल्या. योजना नाही, हे ती कालपासून तीनदा सांगून चुकली होती. आता चौथ्यांदा सांगितलं, तर बायका निमूट पुन्हा बाभळीमागं जातील आणि अण्णा चहा संपवतील.

“विद्यापीठाकडं जातात,” ती म्हणाली. तेवढं खरं होतं. “तिथून पुढं कुणाकुणाकडं जातात, ते आम्हाला सांगत नाहीत.” हेही खरंच होतं. कुणाकडंच जात नसत.

अण्णांनी पासबुकं पाहिली, तलाठ्याचा दाखला पाहिला. एवढे कागद उगाच कोण लावील?

“शिक्का मारा की मग,” कोंडाबाई म्हणाली.

शिक्का पडू लागला. ठप्, सही. ठप्, सही. अण्णा वाचायचे केव्हाच थांबले होते. चाळिसावा झाल्यावर कोंडाबाईनं टेबलावरचं प्रमाणपत्र त्यांच्या हाताखाली सरकवलं. “ह्या पोरीचाबी ऱ्हायलाय.” ठप्. ‘विद्यार्थिनीने सर्व माहितीबाबत पूर्ण गोपनीयता पाळली,’ असं त्यात लिहिलं होतं.

बायका पांगल्यावर अण्णा हळूच म्हणाले, “सतरावा तेवढा प्रश्न गाळता येईल का, ताई?”

“नाही अण्णा. तुमचा शिक्का पडलाय.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फोन उचलला. “रामलिंग, गवंडीकाम चालू हाय का न्हाय सध्या? ... व्हय. मागच्या अंगाला. ... अरे, लौकर लागंल.”

“दोन बांधा,” दारातून कोंडाबाई म्हणाली. ती गेलीच नव्हती. “चाळीसजणी हावत. आन् म्याडम, पैला हप्ता कधी पडंल?”