चौदा मिलिमीटर

माझी विद्यार्थिनी ओडेसा हिच्या वहीतला आकडा दर आठवड्याला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनी वाढत होता. पहिल्या शुक्रवारी १४.०, मग १४.१, मग १४.३. आज, नवव्या शुक्रवारी, १५.१. पण ती मोजत होती तो दगडावरच्या दगडफुलाचा राखाडी ठिपका वर्षभरात जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो.

आमच्या कॉलेजात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात असा एक छोटा वर्ग घ्यावा लागतो. बारा मुलं, एक गोल टेबल, परीक्षा नाही. शिकवणारीच वर्षभर त्यांची सल्लागार असते. मी प्रत्येकाला नदीकाठचा एक दगड देते. दर शुक्रवारी त्यावरचं दगडफूल व्हर्नियर कॅलिपरने मोजायचं आणि दिसेल तेच लिहायचं. आठवड्यामागून आठवडे ‘बदल नाही’ असं लिहिता यावं, एवढंच मला शिकवायचं असतं.

“ओडेसा, दगडाला खत घालतेस का गं?” शेजारचा वेंडेल म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली, पण वही हाताने झाकून.

ती आकडे मनाने लिहितेय, हे मला चौथ्या आठवड्यातच दिसलं होतं. मुलगी बुजरी आहे, आपणहून सुधारेल, असं म्हणत मी गप्प राहिले. त्याच आठवड्यात कार्यालयाकडून यादी आली. रसायन, गणित, जीवशास्त्र, इतिहास, चारही वर्गांत ओडेसा प्रुइट गैरहजर. माझा वर्ग मात्र तिने एकदाही चुकवला नव्हता. तेव्हापासून मी गैरहजेरीचं कारण विचारत होते आणि ती म्हणत होती, “पुढच्या शुक्रवारी नक्की सांगते.”

तास संपल्यावर मी तिला थांबवलं आणि रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. तो आज पाचच्या आत दिला, तर कॉलेज तिची जागा वर्षभर राखून ठेवणार होतं. नाही दिला, तर चार विषयांत नापास आणि जानेवारीत नाव कमी.

“पुढच्या शुक्रवारी, प्रोफेसर?”

“पुढचा शुक्रवार आता नाही, ओडेसा.”

तिने अर्ज वाचला.

“मी उठते हो. सातला उठते, दात घासते, बूट घालते. बुटांपर्यंत सगळं जमतं. मग दाराशी बसते ती दुपारपर्यंत.”

“इथे येतेस ना पण.”

“इथे कुणाचं काही चुकत नाही.”

“चुकतं,” मी म्हटलं. “आज पंधरा पूर्णांक एक दशांश लिहिलंयस.”

तिचा चेहरा उतरला. “मम्मीला रोज काहीतरी सांगावं लागतं. रसायनात ऐंशी. मग चौऱ्याऐंशी. ती रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटते. मग इथे तरी तेच ते कसं लिहू? नऊ आठवडे काहीच नाही, काहीच नाही...”

मी दगड आणि व्हर्नियर तिच्यापुढे सरकवले. दोनदा व्हर्नियरचा जबडा ठिपक्यावरून घसरला.

“चौदा,” ती म्हणाली. “चौदाच आहे.”

ती खोडरबर शोधू लागली.

“खोडायचं नाही. एक रेघ मार आणि शेजारी आजची तारीख घाल.”

आठ आकडे होते. आठ रेघा मारून झाल्यावर तिने शेवटी लिहिलं, ‘१४.०. बदल नाही.’ साडेचार वाजले होते.

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन थरथरला. कामावरची पाळी संपली की तिची आई रोज याच वेळी फोन करायची. ओडेसाने माझ्याकडे पाहिलं. ‘नंतर घे’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. गेले पाच आठवडे मीही असंच पुढे ढकलत आले होते. मी फोन तिच्याकडे सरकवला.

तिने फोन उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“काय गं डॉक्टरीणबाई! खाल्लंस का काही? आज रसायनात किती?”

“मम्मी.”

“नव्वद? खरं सांग, नव्वद ना?”

“मम्मी, मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही.” तिने अर्जावर हात ठेवला. “दोन महिने मी वर्गात गेलेच नाहीये. ते सगळे आकडे खोटे होते. मी सही करतेय. मी घरी येतेय.”