बिनभात्याची पेटी

मी कीबोर्ड बोलतोय, बडनेऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रातला. आवाज ओळखीचा वाटला नाही तर नवल नाही, कारण माझा स्वतःचा असा आवाजच नाही. बासरी म्हणा, व्हायोलिन म्हणा, जो मागाल तो काढून देतो. या गुणाचा मला फार तोरा होता. तो कसा उतरला, तेच सांगायला बसलोय.

कारखान्यातला जन्म, खोक्यातलं बालपण, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खोक्यातून मला बाहेर काढलं शेखरनं. तरणाबांड पोरगा. लोखंडी स्टँडवर मला उभं करायचा आणि दोन्ही हातांनी असा वाजवायचा की लग्नातले म्हातारेही उठून नाचायचे. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यानं मला ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या अंकुरच्या हवाली केलं. अंकुर ऑक्टोपॅडवर ताल वाजवतो, माझ्याकडे त्याचा हात वळत नाही. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो.

त्याच सुमारास अंकुरनं एका सप्ताहात रागिणीचं भजन ऐकलं आणि तिला ऑर्केस्ट्रात गायला बोलावलं. रागिणी म्हणजे बडनेऱ्याजवळच्या झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या घरातली सून. घरात गाणं होतंच. सासरे नत्थुजी भजनी मंडळात पेटी वाजवत. पण सासूबाई, मैनाबाई, आडव्या आल्या.

“घरचं मानूस संगं असल्याबिगर सून स्टेजवर जानार नाही.”

रागिणीचा नवरा गोपाल पहाटेच फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात जाई. रात्रीची जागरणं त्याला झेपणारी नव्हती. मग जाणार कोण? रागिणीचं तोंड एवढंसं झालं. नत्थुजी हार ओवता ओवता म्हणाले, “मी जातो ना. तिथं वाजवनारा बी नाही म्हन्तेत. पेटी येते मले.”

असा मी त्यांच्या घरी आलो. स्टँड त्यांना नकोच होता. मला पाटावर ठेवलं, समोर मांडी घातली आणि हात जोडले. मला आजवर कोणी नमस्कार केला नव्हता. मग उजवा हात पट्ट्यांवर ठेवून डाव्या हातानं ते माझ्या पाठीमागं काहीतरी चाचपडू लागले.

“रागिणी, येले भाता कुठी हाय व?”

रागिणीनं डोक्यावरचा पदर सावरत हसू लपवलं. “मामाजी, हे लाइटीवर चालते. याले हवा नाही लागत.”

“मंग हे जिवंत कसं राह्यते?”

मला असा राग आला म्हणून सांगू!

तिथून माझी फजिती सुरू झाली. त्यांचा उजवा हात गुणी, पण डाव्यानं जन्मभर फक्त भाता हलवलेला. अंकुर शिकवायला येई. “काकाजी, डावा हात समोर. या तीन पट्ट्या एका टायमाले दाबा.” नत्थुजी दाबत. दोन ओळी बऱ्या जात. गाणं जरा रंगलं की हात निघाला पाठीमागं, आणि माझ्या पाठीवर थाप, थाप, थाप. अंकुर कपाळाला हात लावी.

रागिणीनं युक्ती काढली. डावीकडच्या पट्ट्यांवर झेंडूची फुलं ठेवली. “मामाजी, हात या फुलांवरून हालला नाही पायजे.” पण फुलं वाढवणारा माणूस तो, चुरगळतील म्हणून इतकं हळू दाबी की सूरच निघेना. शेवटी पाकळ्यांवर भागलं. गाण्यागणिक ती पाकळ्यांच्या जागा बदलायची आणि सासरे त्या धरून डावा हात चालवायचे. माझ्यात इतके आवाज भरलेत, पण त्यांना हवा फक्त पेटीचा. माझा तोरा तिथेच निम्मा गेला.

मग अकोल्याहून एका साखरपुड्याचं बोलावणं आलं. मैनाबाई म्हणाल्या, “मी बी येतो. लोकं हासले तं तुमचं वाजवनं बंद, अन् तिचं गानं बी.” आपल्या हातापायी सुनेचं गाणं बंद पडू नये, या धास्तीनं नत्थुजी अकोल्यापर्यंत डावा हात मांडीखाली दाबून बसले होते. मला त्यांची फार दया आली.

पहिलं कडवं झकास गेलं. डावा हात शहाण्यासारखा पट्ट्यांवर. मग रागिणीनं वरचा सूर असा लावला की नत्थुजींचे डोळे मिटले. मी समजलो, आता काही खरं नाही. हात पाठीमागं आला, थाप पडली आणि माझ्या वायरची पिन सटकली. मी मुका झालो. आणि नेमकं पुढं दोन कडव्यांमधलं संगीत, सगळं माझ्यावर.

पेटीचा आवाज बसला की पेटीवाला भाता जोरात मारतो. नत्थुजींनीही तेच केलं. माझ्या मुक्या पाठीवर ते जीव तोडून हात मारत राहिले. पुढची पोरं खिदळली, मग अख्खा हॉल हसला. मैनाबाईंनी पदर तोंडाशी नेला. मला खरोखरीचा भाता असता तर, असं त्या वेळी फार वाटलं.

रागिणी वळली. माईक घेऊन ती सासऱ्यांच्या शेजारी खाली बसली. घरी ती त्यांच्या बरोबरीनं कधी बसत नसे. त्यांच्या उजव्या हाताकडे बघत तिनं आकार लावला. ज्या पट्टीवर बोट पडेल, तो सूर तिच्या गळ्यातून. स्वयंपाकघराच्या दारातून ही बोटं बघत बघतच ती भजनं शिकली होती. आता बोटं चालत राहिली आणि ती माझं सगळं संगीत गात राहिली. हॉल गप्प झाला. अंकुरनं वाकून पिन खोचली, तेव्हा मी अगदी हळू, तिच्या आवाजाखालून सुरू झालो.

परतताना मैनाबाईंची नजर नवऱ्याच्या डाव्या हातावरच होती. लोक हसले तर होतेच. “माह्या हातानं घात केला,” नत्थुजी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मैनाबाईंनी जुनं लुगडं फाडून माझ्यासाठी खोळ शिवली. मी म्हटलं, झालं, आता गुंडाळून माळ्यावर जाणार. पण खोळ पट्ट्यांच्या बाजूनं उघडी होती. मागं वायर घट्ट बांधायला नाडी होती, आणि नत्थुजींचा हात जिथं पडतो, बरोबर तिथं कापूस भरून एक गादी शिवली होती.

“हात सोलून निघाला तुमचा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आता मारा कितीक मारायचं ते. अन् पुढचा पोग्राम कधी हाय, इचारा अंकुरले.”

आज माझ्या डावीकडच्या पट्ट्या झेंडूनं पिवळ्या पडल्यात, पुसून जात नाहीत. नत्थुजींचा डावा हात बराच शिकलाय, पण गाणं रंगलं की अजून मागं येतोच. कधी आमच्या कार्यक्रमाला आलात आणि एक म्हातारा बिनभात्याच्या पेटीला हवा घालताना दिसला, तर खुशाल हसा. फक्त त्याला थांबवू नका. त्याच हवेवर तर मी जगतोय.