कर्नलची तुटक रेघ

अमेरिकेतल्या हर्नडनमधल्या ग्रंथालयाच्या छोट्या हॉलमध्ये हेमचंद्रकाकांनी कर्नल हार्कोर्टवर प्रदर्शन भरवलं होतं. हार्कोर्ट हा ब्रिटिश फौजेतला मोजणीदार. लढाई संपली की दुर्बीण घेऊन डोंगर चढायचा. पुढे त्याला सीमा आयोगावर नेमलं आणि हिंदुस्थानच्या वायव्येच्या डोंगरांत त्याने आखलेली रेघ दोन देशांची सीमा झाली. त्याचे नकाशे जमवण्यात काकांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

मधला मोठा नकाशा मात्र अदितीने बनवला होता. ती काकांच्याच मॅपिंग कंपनीत नोकरीला होती आणि तिच्या व्हिसाची फाइल त्यांच्या सहीसाठी थांबली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "सीमा मधेच तुटक का?"

"न पाहिलेल्या जमिनीवर तुटक रेघ काढायची, असा मोजणीदारांचाच नियम आहे, काका. शिखरावरून हा कडा दिसला असं कर्नल सांगतो. मी सॅटेलाइटचा डेटा लावून चेक केलं. मधे दुसरा डोंगर येतो."

"त्या काळी हवा स्वच्छ होती."

"हवा स्वच्छ असली म्हणून डोंगराच्या आरपार दिसत नाही."

काकांचा चेहरा ताठरला. "तो माणूस बर्फात झोपायचा. तू एसीत बसून क्लिक करतेस. त्याला शिकवू नकोस. रेघ सलग कर."

"कड्यापलीकडे गाव होतं. घरं एका देशात गेली, कुरणं दुसऱ्यात. तो तिथे गेलाच नाही."

"सलग कर म्हटलं ना."

अदितीने केली नाही. तुटक रेघेचाच नकाशा छापून तिने भिंतीवर लावला. काकांनी तो पाहिला तेव्हा हॉल पाहुण्यांनी भरला होता आणि ओळखीच्या वसुधामावशी नेमक्या त्याच ठिकाणी चष्मा सावरून उभ्या होत्या.

"हेमचंद्र, इथे सीमा तुटली कशी?"

"प्रिंटिंगची चूक," काका हसून म्हणाले. मग अदितीजवळ सरकून हलक्या आवाजात, "सोमवारी तुझ्या फाइलवर सही करायचीय. हो म्हण."

नुसती मान हलवली तरी भागलं असतं. अदिती मावशींकडे वळली.

"चूक नाही, मावशी. एवढा भाग कर्नलने न बघता आखला."

काकांचं हसू मावळलं.

"ऑफिसची किल्ली टेबलावर ठेव," ते म्हणाले. "आणि हा नकाशा काढ. माझ्या भिंतीवर तो नको."

अदितीने किल्ली ठेवली. वरची पिन काढायला तिने हात उचलला, तेवढ्यात वसुधामावशींनी तो धरला.

"काढशील मग. आधी ते गाव दाखव."

"अदिती," काकांनी दटावलं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. तुटक रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून ती म्हणाली, "घरं इथे. कुरणं इथे."